वऱ्हाड विदर्भात येते तेव्हा

कालिदासाच्या ‘रघुवंशा’त अयोध्येचा राजकुमार अज आपला लवाजमा घेऊन विदर्भात येतो. विदर्भाचा राजा भोज याने धाकटी बहीण इंदुमती हिचे स्वयंवर मांडलेले असते. वाटेत नर्मदेकाठी मुक्काम पडतो. पुढे राजधानी जवळ येते तेव्हा भोज स्वतः नगराबाहेर येऊन अजाला सामोरा जातो, पुढे चालत त्याला वाट दाखवतो, नव्या निवासस्थानी उतरवतो. हे सगळे तो इतक्या नम्रतेने करतो की जमलेल्या लोकांना वाटते, अज हाच घरचा धनी आणि भोज हा पाहुणा.

सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या या वर्णनात आपल्या ओळखीचे किती काही आहे! गावाच्या शिवेवरचे स्वागत म्हणजे आपले सीमांतपूजन. वरपक्षाला उतरायला दिलेली वेगळी जागा म्हणजे जानवसा. या कथेतली भोजाची राजधानी कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातले वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर, असे मानले जाते. हेच रुक्मिणीचे माहेर. दर आषाढी वारीला तिथून तिची पालखी पंढरपूरला जाते. नळराजाची दमयंतीही विदर्भाचीच लेक. दूरदेशीचे वर आणि त्यांची वऱ्हाडे या भूमीला नवीन नाहीत. ‘वऱ्हाड’ हा शब्दच आपल्या भाषेत लग्नाच्या पाहुण्यांचाही आहे आणि नागपूरच्या पश्चिमेला लागून असलेल्या मुलखाचाही.

आज पुन्हा अशी वऱ्हाडे येऊ लागली आहेत. मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादेत, निम्मे नातेवाईक रायपूर-भोपाळकडे, काही थेट अमेरिकेत. आजोबांचे घर विकलेले, शेती बटाईने दिलेली, पण मूळ गाव विदर्भातले. अशा घरांना देशाच्या मधोमध असलेले नागपूर सोयीचे पडते. चारही दिशांचे लोहमार्ग इथे मिळतात, विमानतळ आहे, आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण खुला झाला आहे. शहराच्या बाहेर पडले की रामटेकचा गड, खिंडसी तलाव, पेंच आणि उमरेड-कऱ्हांडल्याचे जंगल. दोन-तीन दिवसांचे लग्न करायला जागा भरपूर आहेत. यालाच आता सगळे ‘डेस्टिनेशन वेडिंग’ म्हणतात.

या लग्नात ‘काहीतरी इथले हवे’ अशी इच्छा बहुतेक घरांत असते, आणि ती मनापासूनची असते. पण ती पूर्ण करताना बहुधा वस्तू गोळा होतात. फेटे येतात, सजवलेली बैलगाडी येते, नऊवारी येते. छायाचित्रे सुंदर निघतात, तरी जुन्या जाणत्या बाईला काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहते. काय चुकले, हे समजून घ्यायचे तर लग्नाचा विधी मुळात काय काम करतो, ते पाहावे लागेल.

विधी म्हणजे वाटून दिलेले काम

जुन्या गावातले लग्न हे एका कुटुंबाचे नसे. कुंभाराकडून मडकी वाजतगाजत आणली जात. सुतार पाट-चौरंग आणून देई. कासार घरी येऊन बायकांना बांगड्या भरी. माळी फुले आणि बाशिंगे आणी, परीट पायघड्या घाली. घरातही तसेच. मामाने मुलीला बोहल्यावर आणायचे, करवलीने मागे उभे राहायचे, आत्याने ओवाळायचे, भावाने वराचा कान पिळायचा. पाठराखीण नव्या नवरीबरोबर सासरी जायची. प्रत्येक विधीत कुणाला तरी काम होते, आणि कामाबरोबर मान होता. म्हणूनच ‘मानपान’ हा शब्द लग्नाला इतका चिकटलेला आहे. त्यावरून भांडणेही होत, कारण माणसाला मान हवा असतो.

लग्न गावातून रिसॉर्टमध्ये गेले की ही सगळी कामे एका व्यवस्थापकाकडे जातात. पाहुण्याला बसून पाहण्यापलीकडे काही उरत नाही. स्थानिक परंपरा लग्नात आणायची तर याच ठिकाणी लक्ष द्यायला हवे. इथली वस्तू आणली की सजावट होते. इथल्या माणसाला त्याचे काम दिले आणि आपल्या पाहुण्यालाही एखादे काम दिले, की परंपरा होते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. बलुतेदारीतली कामे जातीने बांधलेली होती आणि त्यातला मान सर्वांना सारखा मिळत नव्हता. ती बांधणी परत आणायची नाही. कारागिराला कारागीर म्हणून बोलवावे, ठरलेला मोबदला वेळेवर द्यावा, आणि ज्या मांडवात त्याची वस्तू आहे त्याच पंगतीत त्यालाही मानाने बसवावे. पूर्वी जे राहून गेले, ते आज करता येते.

शीव, जानवसा आणि डहाळे

सुरुवात सीमांतपूजनापासून करू. अलीकडे हा विधी सभागृहातच, दोन खुर्च्या मांडून उरकला जातो. पण नावातच ‘सीमा’ आहे. परगावी लग्न असते तेव्हा सगळे पाहुणे खरोखरच एक सीमा ओलांडून आलेले असतात, म्हणून या विधीला आज अर्थ जास्त आहे. तो उतरण्याच्या जागेच्या फाटकावर करावा. एखाद्या गावाजवळ लग्न असेल तर गावाच्या वेशीवर, मारुतीच्या देवळापाशी करावा आणि गावातल्या दोन-चार वडीलधाऱ्यांना आवर्जून बोलवावे. हिवाळ्यात लग्न असेल तर ओटीत नारळाबरोबर संत्रे घालावे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आंबिया बहाराची फळे हिवाळ्यात उतरतात आणि मृग बहाराची उन्हाळा लागता लागता. लग्नसराईचा मोठा भाग या दोन बहारांत बसतो.

मग मांडव. मांडवाच्या आदल्या दिवशी गडीमाणसे गाडीबैल घेऊन जांभूळ, आंबा, उंबराचे डहाळे आणायला जात. लोखंडी सांगाड्यावर कापड ताणलेला मंडप आला तरी विदर्भातल्या खेड्यांत निदान चार डहाळे अजून लागतात. मुहूर्तमेढ रोवली जाते, देवकाला पंचपल्लव लागतात. ही पाच झाडांची पाने कोणती, हे घराघराच्या कुळाचारावर ठरते. इथे आपल्या पाहुण्यांना काम देता येते. तरुण मुलामुलींनी सकाळी जवळच्या शेतात जाऊन, मालकाची परवानगी घेऊन डहाळे आणावेत. झाड ओळखायला एखादे आजोबा सोबत असावेत. शहरात वाढलेल्या नातवाला उंबर आणि पिंपळ यांतला फरक त्या दिवशी कळला, तर तो त्याला जन्मभर पुरेल.

विदर्भातले काही शब्दही जपावे असे आहेत. साखरपुड्याला इथे ‘साक्षगंध’ म्हणतात. दोन्ही घरच्या मंडळींच्या साक्षीने गंध लावायचे, असा त्याचा सरळ अर्थ. छापील पत्रिकेत हा एक शब्द आला तरी लग्न कुठल्या मातीतले आहे ते कळते.

एकाच घरातले वस्त्र आणि रस्सा

नागपूरची ओळख म्हणून दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. एक हातमागावरचे वस्त्र आणि दुसरी सावजीचा झणझणीत रस्सा. या दोन्हींचे मूळ बव्हंशी एकाच समाजात आहे, हे मात्र फार लोकांना माहीत नसते. हलबा कोष्टी या विणकर समाजाने नागपूरचे हातमाग चालवले आणि त्यांच्याच घरच्या स्वयंपाकातून सावजी भोजनालये उभी राहिली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि गिरणीचे स्वस्त कापड बाजारात आले. हातमागाला ओहोटी लागली, तरी माग पूर्ण थांबले नाहीत.

लग्नासाठी या परंपरेतले सर्वांत देखणे वस्त्र म्हणजे करवतकाठी. अंग टसर रेशमाचे आणि काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. विणताना तीन धोटे चालतात, दोन काठांसाठी दोन आणि अंगासाठी एक. काठाचा आणि अंगाचा धागा जिथे एकमेकांत अडकतो तिथे हे दाते उमटतात. म्हणजे नक्षी वरून काढलेली नसते, ती दोन रंगांच्या गुंफणीतूनच तयार होते. लग्नासाठी यापेक्षा समर्पक काठ शोधून सापडणार नाही.

टसरही इथलेच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसराचे किडे पोसले जातात. हे काम प्रामुख्याने ढीवर समाज करतो. कोष, सूत, माग असा प्रवास करून ते वस्त्र नवरीच्या अंगावर येते. एका साडीला किती हात लागले, हे पाहुण्यांना सांगावे. शक्य असेल तर विणकरालाच लग्नाला बोलवून सांगायला लावावे. नवरदेवाचा शेला, दोन्ही विहिणींच्या साड्या, अंतरपाटाचे वस्त्र यांपैकी निदान एक गोष्ट मागावरून यावी. त्यासाठी काही महिने आधी सांगावे लागते, कारण हाताने विणायला वेळ लागतो.

पत्रावळीवरची पंगत

विदर्भात पाहुणचाराचे माप पुरणपोळीवरच्या तुपाने मोजतात. पोळीत पुरण सढळ, आणि वर तूप इतके की पत्रावळीतून ओघळावे. लग्नाच्या पंगतीत वडाभात किंवा गोळाभात असतो. मिश्र डाळींचे वडे भातावर कुस्करून वर हिंग-मोहरीची गरम फोडणी घातली की वडाभात. बेसनाचे गोळे भातातच वाफवले की गोळाभात. सोबत आंबट कढी. शिवाय पाटोडीचा रस्सा, आलू-वांग्याची भाजी, सांबारवडी. इथे ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी हे तर विदर्भातल्या शेतांवरच्या आणि देवस्थानांच्या जेवणांचे वैभव. हळदीच्या दिवशी दुपारी हा बेत केला तर पाहुणे चुलीभोवती आपोआप जमतात. उन्हाळ्यात लग्न असेल तर सरगुंडे आणि आंब्याचा रस. गव्हाच्या कणकेचे हे सरगुंडे बायका आधीच एकत्र बसून काडीवर वळतात आणि वाळवून ठेवतात. रुखवतात ते मांडले तर त्यांची गोष्टही तिथे लिहून ठेवावी.

सावजी रस्सा करायचा तर तो सावजी स्वयंपाक करणाऱ्यांकडूनच करून घ्यावा. तिखट सोसत नसलेल्यांसाठी वेगळे भांडे ठेवावे, पण मूळ रस्सा पातळ करू नये. त्याची ओळखच मसाल्यात आहे.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची आहे ती पंगत. मांडलेल्या जेवणात पाहुणा ताट घेऊन एकटा फिरतो. पंगतीत त्याला कुणीतरी वाढते, आग्रह करते, नाव विचारते. वाढायला दोन्ही घरची तरुण मुले लावावीत. वराकडच्यांनी वधूकडच्या पंगतीला वाढावे आणि वधूकडच्यांनी वराकडच्यांना. एका जेवणात शंभर ओळखी होतात. विहिणींची पंगत स्वतंत्र आणि निवांत असावी, तिथे नाव घेण्याचा आग्रह व्हावा. पळस विदर्भाच्या रानात उदंड आहे. त्याच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण वापरले तर ज्या बायकांनी ती पाने टाचली त्यांच्या हातात पैसे जातात, आणि उष्टे मातीत मिळून जाते.

रात्रीचे खेळ

‘संगीत’ नावाचा समारंभ आता मराठी लग्नातही रुळला आहे. नागपूर पूर्वी मध्य प्रांत आणि वऱ्हाड या द्विभाषिक प्रांताची राजधानी होते. हिंदी आणि मराठी इथे शेजारी राहिल्या, म्हणून मिसळणे हाही इथला स्वभाव. तेव्हा संगीत जरूर असावे, त्यात इथले काही असावे, इतकेच.

ते काय असू शकते? सनई-चौघडा आहेच. वरातीला डफडे आहे. विदर्भाची खडीगंमत आणि दंडार ही लोकनाट्ये आहेत. आणि पूर्व विदर्भाची शान म्हणजे झाडीपट्टी रंगभूमी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीच्या मुलखात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज म्हणजे वडसा हे नाटक कंपन्यांचे मुख्य ठाणे. गावोगावी रात्रभर नाटके चालतात आणि प्रेक्षक तिकीट काढून थंडीत बसतात. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. हिवाळी लग्नसराई आणि झाडीपट्टीचा हंगाम एकाच वेळी येतात. एखाद्या मंडळीला महिनाभर आधी विचारून अर्ध्या तासाचा प्रवेश किंवा गाण्यांचा कार्यक्रम ठेवता येतो. कलावंतांना मंच, उजेड आणि शांत बसलेले प्रेक्षक मिळाले पाहिजेत. जेवणाच्या गडबडीत, पाठ फिरवलेल्या लोकांसमोर त्यांना उभे करणे हा त्यांचा अपमान आहे.

हेच गोंड नृत्यांबद्दल. नागपूर शहर वसवले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. त्यामुळे गोंडी परंपरा इथे बाहेरून आणलेली शोभा नाही, ती या शहराच्या पायाशी आहे. गोंडांची रेला नृत्ये म्हणजे फेर धरून सगळ्यांनी नाचायचे सामूहिक नृत्य. ते प्रवेशद्वारावर स्वागतासाठी उभे करू नये. नाचणाऱ्यांनी पाहुण्यांना फेरात घ्यावे, आणि आधी कुणीतरी गाण्याचा अर्थ सांगावा.

गोंडांच्या लग्नाची एक रीत तर आजच्या लग्नाला वाट दाखवणारी आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदवले आहे की, गोंडांत मिरवणूक साधारणपणे वधूच्या घरून निघते आणि लग्न वराच्या घरी लागते. म्हणजे ‘लग्न मुलीच्याच दारात आणि खर्च मुलीच्याच बापाचा’ ही या मातीतली एकमेव परंपरा नव्हे. दोन्ही घरांनी मिळून तिसऱ्या जागी लग्न करताना खर्च निम्मानिम्मा वाटून घेतला, तर त्यालाही इथल्याच रीतींचा आधार आहे.

साधेपणाची परंपरा

स्थानिक परंपरा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रंग, वाद्ये, पक्वान्ने येतात. पण विदर्भाची आणखी एक परंपरा आहे, आणि ती तितकीच खोल आहे. ती साधेपणाची आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून इथल्या घराघरांत बौद्ध पद्धतीची लग्ने लागतात. वधूवर शुभ्र वस्त्रांत, समोर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, त्रिशरण, पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, आणि जयमंगल अष्टगाथा चालू असताना फुलांच्या पाकळ्यांचा वर्षाव. मुहूर्ताची सक्ती नाही, हुंडा नाही, अन्न नासणाऱ्या अक्षता नाहीत. त्याआधी २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात महात्मा फुल्यांच्या प्रेरणेने पहिला सत्यशोधक विवाह झाला होता, आणि ही चळवळ पुढे विदर्भातही रुजली. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा गावोगाव सांगत फिरले की कर्ज काढून लग्नाचा थाट करू नका. मोझरीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनीही लग्नातल्या उधळपट्टीवर प्रहार केला आणि सामूहिक विवाहांचा पुरस्कार केला. ज्या विदर्भाने शेतकऱ्याच्या कर्जाचे दुःख इतके सोसले, तिथे या शब्दांचे वजन वेगळेच आहे.

म्हणून विदर्भात लग्न करताना या परंपरेचेही काही घ्यावे. वधूवरांनी मराठीत, साऱ्यांना समजतील अशा प्रतिज्ञा घ्याव्यात. अक्षतांऐवजी पाकळ्या वापराव्यात. आहेर नको म्हणून सांगावे, किंवा तो एखाद्या वाचनालयाला द्यायला सांगावा. आंतरजातीय वा आंतरधर्मीय लग्न असेल तर साधेपणाचा हा गाभा दोन्ही घरांना जोडणारा ठरतो. अशा जोडप्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची तरतूद ध्यानात ठेवावी. नोटीस ज्या जिल्ह्यात द्यायची तिथे दोघांपैकी एकाचे निदान ३० दिवस वास्तव्य हवे, आणि नोटिशीनंतर ३० दिवसांची मुदत असते. म्हणून नोंदणी बहुधा राहत्या जिल्ह्यात आणि सोहळा नागपुरात, असे करणे सोपे जाते.

ऋतू आणि रान

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लग्न असेल तर विधी सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर ठेवावेत आणि जागोजागी माठ व पन्हे असावे. तुळशीच्या लग्नापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस परगावच्या पाहुण्यांना सुखाचे.

रानाजवळ लग्न असेल तर एक मानकरी निमंत्रणाशिवाय हजर असतो. तो म्हणजे वाघ, आणि त्याच्याबरोबर सारे जंगल. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून देशभर लागू आहे. पेंच-उमरेडच्या कुशीत त्याही आधी आवाज खाली आणावा. फटाके, आकाशात फेकलेले झोत, ड्रोन हे सगळे टाळावे. तिथे रात्र झाली की शेकोटी आणि गप्पा पुरेशा असतात. ज्या झाडांवरून टसर येते आणि ज्यांच्या पानांची पत्रावळ होते, ती झाडे याच रानात उभी आहेत.

लग्न ठरले की कागदावर आधी वस्तूंची यादी होते. तिच्या शेजारी एक दुसरी यादी करावी, माणसांची. कोण डहाळे आणणार, कोण वाढणार, कुणाच्या मागावरून शेला येणार, नाटकाच्या मंडळींना पंगतीत कोण बसवणार, गावच्या वडीलधाऱ्यांना आमंत्रण द्यायला कोण जाणार. प्रत्येक कामापुढे एक नाव यावे. अशी यादी भरली तर दुसऱ्या दिवशीच्या पंगतीत परगावचा एखादा पाहुणा उठून, बाह्या सरसावून, शेजारच्याला कढी वाढू लागेल. भोजाच्या नगरीत अजाला पाहून लोकांना जे वाटले होते, ते त्या क्षणी पुन्हा घडलेले असेल.